आठवणी वहीत लिहायच्या की फोनवर बोलायच्या?

आमच्या घरात दोन्ही प्रकार झालेत म्हणून सांगतेय. तुमचे आईवडील किंवा तुम्ही स्वतःच सत्तरीला टेकला असाल आणि आयुष्यातलं सगळं कुठेतरी उतरवून ठेवावं असं वाटत असेल तर आधी माणूस कसा आहे ते बघा, मग साधन ठरवा.

अण्णांनी २०० पानी वही घेतली, आई तिसरीपर्यंतच शिकलेली म्हणून तिचं मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. १९७२ चा दुष्काळ दोघांनीही भोगलाय. अण्णांच्या वहीत त्याच्यावर दीड ओळ आहे, "पाऊस नाही. दुष्काळी कामावर गेलो." संपलं! आईला तेच विचारलं तर पाऊण तास बोलली, खडी फोडून हाताला आलेले फोड, कामावर मिळालेली सुकडी धाकट्या भावासाठी पदरात बांधून आणायची ते, आणि मिलोची, म्हणजे त्या वेळी बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, लाल भाकरी, ती थापताना कशी चिरायची हे सांगताना तिचे हात हवेतच थापायला लागले. मध्येच कुकरची शिट्टी पण आलीय, मी ती कट नाही केली. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या, हे मला तेव्हा फार आठवत होतं.

मग वही कशाला? तर अण्णांची एक बहीण लहानपणीच गेली हे आम्हाला वहीतूनच कळलं. तिच्यावर चार पानं आहेत आणि दोन ठिकाणी पेन इतकं दाबलंय की मागच्या बाजूला उमटलंय. समोर मुलगी बसलेली असताना अण्णा हे कधीच बोलले नसते. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्येच लिहिलं होतं की उतारवयात मागचं आठवत बसणं हे काही खूळ नाही, स्वाभाविक आहे, पण त्यात जुना अपराधीपणाही वर येऊ शकतो. अशा गोष्टींना कागदच बरा, आणि ती वही घरच्यांनी न विचारता उघडू नये.

रेकॉर्डिंगला जागा फार लागत नाही, साध्या क्वालिटीत तासाला ६० एमबीच्या आसपास, पण फोन बिघडला की सगळं जातं म्हणून त्याच दिवशी पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि फाईलला तारीख, विषय असं नाव द्या, नाहीतर नंतर काही सापडत नाही. बोललेलं आपोआप टाईप होतं त्याच्या भरवशावर मात्र राहू नका, आईच्या गावाकडच्या बोलीचं त्यात पार भजं झालं. आणि "तुझं आयुष्य सांग" असं विचारलं तर कोणीच बोलत नाही, जुना फोटो हातात द्या आणि हे कुणाचं अंगण म्हणून विचारा.

मला विचाराल तर बोलक्या माणसाला फोन, अबोल माणसाला वही, आणि हात थरथरत असेल, डोळ्यांना त्रास असेल तर सरळ फोनच.

आता अण्णा स्वतःच वही मोठ्याने वाचतात, मी रेकॉर्ड करते. ती चार पानं आली की थांबतात, चष्मा पुसतात आणि पाचव्या पानापासून पुढे वाचतात.