जुन्या गाडीतील चकवा देणारा विद्युत बिघाड आणि आपोआप झोपणारा मल्टिमीटर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हा मल्टिमीटर (व्होल्टेज, प्रवाह, रोध मोजणारे हातातले उपकरण) मी घेतला तो केवळ एका बटणासाठी. किमान आणि कमाल मूल्य नोंदवून ठेवणारे, म्हणजे मिन-मॅक्सचे, ते बटण. काउंट, रेंज, अचूकता हा तपशील खोक्यावर छापलेला असतो आणि ज्यांना असे उपकरण घ्यायचे आहे त्यांनी तो आधीच वाचलेला असतो, त्यामुळे त्यात शिरत नाही. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीतला बिघाड असा होता की, गाडी चालू असताना डॅशबोर्डवरचे सगळे काटे क्षणभर खाली पडत, इंजिन एक हिसका देई आणि काय झाले हे कळण्याआधीच सर्व काही पूर्ववत होई. गॅरेजमध्ये नेल्यावर अर्थातच काहीही होत नसे. एका ठिकाणी बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळाला, दुसऱ्या ठिकाणी अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र). दोन्हींपैकी कोणताही खर्च मीटरच्या किमतीच्या कितीतरी पट होता, म्हणून आधी मीटर घेतला.

तो निर्णय पहिल्याच दिवशी योग्य ठरला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट मिळाले, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. सेल्फ मारताना हा आकडा १०.४ पर्यंत उतरला. साधारण हवामानात तो ९.६ च्या खाली गेला तरच बॅटरीवर संशय घ्यावा. इंजिन सुरू झाल्यावर १४.२, आणि हेडलाइट व पंखा चालू करूनही १३.८ च्या वर. अल्टरनेटरमधला एखादा डायोड (उलटसुलट वाहणाऱ्या एसीचे एकाच दिशेच्या डीसीत रूपांतर करणारा भाग) गेला असेल तर बॅटरीच्या टोकांवर एसी व्होल्टेज दिसू लागते आणि ते अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेले की काळजीचे कारण असते. येथे ते नगण्य होते. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवून डीसीला लावले की भलताच आकडा दाखवतात. हा दाखवत नाही, ही त्याची जमेची बाजू. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही निर्दोष सुटले.

आता दोषाकडे वळतो, कारण हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहायला घेतला. पंधरा मिनिटे कोणतेही बटण दाबले नाही तर हा मीटर स्वतःहून बंद होतो. एरवी ही सोय आहे, हे मान्य. परंतु मिन-मॅक्सची नोंद सुरू असतानाही तो बंद होतो आणि बंद होताना नोंदही पुसून टाकतो, याला सोय म्हणता येत नाही. नोंद ठेवण्याचे बटण माणूस दाबतो ते मीटरकडे न बघता वाट पाहता यावी म्हणून. अधूनमधून येणारा बिघाड पंधरा मिनिटांच्या आत येईनच अशी हमी देत नाही. माझ्या गाडीत तो बहुधा इंजिन चांगले तापल्यावर, खडबडीत रस्त्यावर येई, आणि तोपर्यंत मीटर काळा पडदा ओढून बसलेला असे. मीटर ज्याच्या हातात दिला होता त्या सोबत्याला दर काही मिनिटांनी प्रकाशाचे बटण दाबण्याची आठवण करावी लागे. (चालवणाऱ्याने स्वतः मीटरकडे पाहू नये, हे सांगायला नकोच.)

माहितीपुस्तिकेत यावर एक उपाय दिला आहे : निवडीचे बटण दाबून धरत चकती फिरवली की स्वयंबंदी रद्द होते. ती रद्द होतेही. मात्र चकती बंदवर नेली की ही सूचना विसरली जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच कसरत करावी लागते. मी सेवा केंद्राला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले की हा दोष नसून बॅटरी बचतीची योजना आहे. आत बसणाऱ्या दोन लहान सेलची बचत करण्यासाठी तासाभराची नोंद घालवणे ही कोणत्या हिशेबाने काटकसर ठरते, असे मी उलट विचारले. त्यावर उत्पादन विभागाला कळवल्याचे नम्र वाक्य मिळाले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

इथपर्यंतचा मजकूर सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर लिहिला होता आणि त्याच्या शेवटी एकच तारा दिला होता. तो प्रसिद्ध करण्याआधी बिघाड सापडला, त्यामुळे मत थोडे बदलावे लागत आहे.

सापडला तो याच बटणामुळे. आधी मीटर थेट बॅटरीला जोडून गाडी फिरवली. काटे पडले, हिसका बसला, परंतु किमान नोंद १३.६ व्होल्टच राहिली. म्हणजे वीज निघत होती, वाटेत अडत होती. नंतर चावी फिरवल्यावरच ज्याला वीज मिळते अशा फ्यूजपाशी लाल प्रोब (मीटरच्या वायरीचे टोकदार टोक) जोडला आणि लांब वायर आत घेतली. या वेळी हिसक्यानंतर किमान नोंद सहा व्होल्टच्या आसपास होती. या दोन जागांच्या मध्ये मुख्य फ्यूज, इग्निशन स्विच (चावीचा स्विच) आणि त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) एवढेच येते. मुख्य फ्यूज आणि त्याची टोके घट्ट व स्वच्छ होती. मग उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, चावी न फिरवता नुसती बाजूला हलवली आणि आकडा कोसळला. स्विचच्या मागचा कपलर काढल्यावर एका टर्मिनलभोवतीचे प्लास्टिक तपकिरी झालेले दिसले. जिथे संपर्क कमकुवत होतो तिथे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता, उष्णतेने पितळी टर्मिनलचा ताण जातो आणि संपर्क आणखी ढिला होतो. तापल्यावरच बिघाड का येई, याचे उत्तर त्यात होते. स्विचचा संपर्क असलेला मागचा भाग आणि ते टर्मिनल बदलले. चावीला लटकणारा किल्ल्यांचा जुडगाही काढून टाकला, कारण खडबडीत रस्त्यावर त्याचे वजन स्विचला सतत ओढत असते.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा मीटर सेकंदाला सुमारे तीन वेळा मोजतो आणि किमान नोंद त्यातूनच घेतो. वीज काही मिलिसेकंदांपुरती तुटली तर ती त्याच्या नजरेतून निसटते. माझा बिघाड त्या मानाने रेंगाळणारा होता.

त्यानंतर मागच्या दिव्याचे काम काढले. ब्रेक दाबून इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा मागचा दिवाही लुकलुके, हे अर्थिंग खराब असल्याचे ओळखीचे लक्षण आहे. येथे मीटरचा ओहमचा (रोध मोजण्याचा) पट्टा अगदीच निरुपयोगी ठरला, आणि त्यात या मीटरचा दोष नाही. प्रोब एकमेकांना टेकवल्यावरच ०.२ ओहम दिसतात. अर्थच्या वायरवर ०.५ दिसले तर त्यातला फरक कोण मनावर घेईल? परंतु ब्रेकचा २१ वॅटचा, इंडिकेटरचा २१ वॅटचा आणि मागचा ५ वॅटचा असे तिन्ही बल्ब पेटले की त्या वायरमधून जवळजवळ ४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि ०.३ ओहमवर १.२ व्होल्ट वाया जातात. म्हणून दिवे चालू ठेवून एक प्रोब बल्बच्या होल्डरच्या अर्थ टोकाला आणि दुसरा बॅटरीच्या ऋण टोकाला लावावा. चांगल्या अर्थवर ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसते. माझ्याकडे एक व्होल्टच्या वर दिसले. स्क्रूखालचा रंग आणि गंज घासून, दातेरी वॉशर घालून, वर ग्रीसचा थर दिल्यावर लुकलुकणे थांबले. वायरच्या दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी ओहमचा पट्टा तिला उत्तीर्ण करतो. भार टाकल्याशिवाय खरे कळत नाही.

त्याच कारणासाठी आता मी मीटरसोबत २१ वॅटच्या जुन्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्पही ठेवतो. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असल्यामुळे कुजलेल्या वायरच्या टोकाशीही तो बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो; बल्ब तिथे मंद पेटतो किंवा पेटतच नाही. मात्र असा बल्ब ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), सेन्सर किंवा एअरबॅगच्या वायरींना कधीही लावू नये, तेथे मीटरच वापरावा. प्रोब टोचण्यासाठी वायरचे आवरण भोसकणेही टाळावे. कपलरच्या मागच्या बाजूने पातळ पिन सारून मोजता येते, आणि भोकातून ओलावा शिरून नवा बिघाड तयार होत नाही.

बाकीचे थोडक्यात. सोबत आलेल्या प्रोबच्या वायरी कडक आहेत, थंडीत अधिकच. सिलिकॉन आवरणाच्या घेतल्या आणि क्रोकोडाइल क्लिप जोडल्या. सलगतेची शिटी (वायर अखंड असली की वाजणारी) किंचित उशिरा वाजते, त्यामुळे वायर हलवून तुटीचा शोध घेताना ती पुरेशी विश्वासार्ह नाही. पडद्याचा प्रकाश उत्तम आहे.

एका ताऱ्याचे आता तीन केले आहेत. चौथा स्वयंबंदीमुळे देत नाही आणि सेवा केंद्राचे उत्तर वाचता तो देण्याची वेळ येईल असे वाटत नाही. जुन्या गाडीसाठी मीटर घेणाऱ्यांनी दुकानातच माहितीपुस्तिका उघडून मिन-मॅक्स चालू असताना स्वयंबंदी थांबते की नाही, एवढे पाहून घ्यावे. काही मीटरमध्ये ती थांबते, आणि तसा मीटर थोडा महाग असला तरी तोच घ्यावा.