फायटिंग गेम आधी कुठे सोडावा: पीसी, पीएस५ की स्विच २?

अंधेरी-मालाड पट्ट्यात परदेशी गेमसाठी कॅरेक्टर आणि ॲनिमेशन करून देणारी बरीच मंडळी आहेत. त्यातल्या तिघा-चौघांनी एकत्र येऊन स्वतःचा फायटिंग गेम करायला घेतला, पडद्यावरची दोन पात्रं एकमेकांना धड मारायला लागली, की पुढचा वाद ठरलेला: आधी कुठे सोडायचा, पीसीवर, सोनीच्या पीएस५वर की निन्टेंडोच्या स्विच २वर? नव्या कन्सोलची ओढ वाटणं साहजिक आहे. तिथलं दुकान अजून भरलेलं नसतं, लोकांनी हौसेने महागडं यंत्र घेतलेलं असतं आणि त्यावर खेळायला त्यांना काहीतरी हवं असतं. कोड्यांच्या किंवा गोष्टीच्या गेमला हा हिशेब लागू पडतो. फायटिंग गेमला पडत नाही, कारण त्याला समोर माणूस लागतो.

म्हणून या तुलनेत मी विक्रीचे आकडे पहिल्या जागी ठेवत नाही. मंगळवारी रात्री साडेअकराला कांदिवलीतल्या कुणी ऑनलाइन मॅचचं बटण दाबलं, तर साधारण त्याच्याच ताकदीचा, जवळपासचा प्रतिस्पर्धी किती वेळात मिळेल? पाच मिनिटं लागली तर तो उद्या येणार नाही. तो आला नाही की त्याच्यासारख्या दुसऱ्याला सहा मिनिटं लागतात. बहुतेक छोटे फायटिंग गेम असेच ओस पडतात. गेम वाईट असावा लागतोच असं नाही.

नव्या यंत्राबरोबर आलेल्या फायटिंग गेमची परंपरा मोठी आहे, हे खरं. १९९४ मध्ये जपानात सॅटर्नबरोबर व्हर्चुआ फायटर आला, १९९९ मध्ये अमेरिकेत ड्रीमकास्टबरोबर सोलकॅलिबर आणि २००० मध्ये तिथेच प्लेस्टेशन २ बरोबर टेक्केन टॅग टूर्नामेंट. मात्र हे तिन्ही आधी आर्केडमध्ये चालून आलेले होते. अनोळखी लोकांनी नाणी टाकून त्यातल्या पळवाटा, न संपणारे कॉम्बो (सलग वारांच्या मालिका), उगाच भारी पडणारी पात्रं शोधून काढलेली होती. कन्सोलवर थेट उतरलेलं अलीकडचं उदाहरण म्हणजे २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनबरोबर आलेला किलर इन्स्टिंक्ट. तो सुरू झाला सहाच पात्रांवर, त्यातलं एक फुकट, बाकीची हळूहळू भरत गेली. पण त्याच्या पाठीशी खुद्द मायक्रोसॉफ्ट होती. आपल्या पाठीशी फार तर एखाद्याचे वडील असतात, आणि तेही अजून राजी झालेले नसतात.

नव्वदच्या दशकात मुंबईत शाळा सुटल्यावर मुलं ज्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स ९७ वर रांग लावायची, ती पार्लरं आता जवळपास संपली. त्यांचं काम, म्हणजे अनोळखी लोकांकडून गेम पिळून घेणं, आज पीसीवरची खुली चाचणी करते. माझं झुकतं माप कुठे आहे हे एवढ्यावरून कळलं असेलच.

आधी नेटकोड, मग यंत्र

नेटकोड म्हणजे दोघा खेळाडूंची यंत्रं इंटरनेटवरून जुळवून ठेवणारा कोड. फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो. म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा अगदी सरळ तार टाकली तरी संदेश जाऊन यायला ३९ मिलिसेकंद, दोन फ्रेमहून जास्त. खऱ्या केबल सरळ नसतात, आणि घरात दोन भिंतींपलीकडचं वायफाय आपली भर घालतंच.

यावर उपाय रोलबॅक. समोरच्याचं बटण कळेपर्यंत थांबायचं नाही, त्याने काय केलं असेल याचा अंदाज बांधून पुढे जायचं; अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन सगळं नव्याने मोजायचं. टोनी कॅनन यांनी यासाठी लिहिलेलं जीजीपीओ हे सॉफ्टवेअर २०१९ पासून एमआयटी परवान्याखाली खुलं आहे, त्यामुळे शून्यापासून शोध लावायची गरज नाही. पण दोन अटी आहेत, आणि प्लॅटफॉर्मची खरी तुलना तिथेच सुरू होते.

पहिली अट, दोन्ही यंत्रांवर गणिताचं उत्तर तंतोतंत एकच यायला हवं. पीसी आणि पीएस५ दोन्ही एक्स८६ या प्रोसेसर घराण्यातले, स्विच २ एआरएम या दुसऱ्या घराण्याचा. दशांशाचं गणित साध्या फ्लोटिंग पॉइंटवर सोडलं तर वेगळ्या प्रोसेसरवर, वेगळ्या कंपायलरखाली शेवटच्या घरात फरक पडू शकतो. मग एका पडद्यावर ठोसा बसतो आणि दुसऱ्यावर हुकतो. म्हणून क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरच्यांची एकमेकांशी लढत, हवा असेल तर हालचाली आणि हिटबॉक्स (वार कुठे लागतो ते ठरवणारे अदृश्य चौकोन) पहिल्या दिवसापासून फिक्स्ड पॉइंटमध्ये, म्हणजे पूर्णांकांच्या गणितात, लिहावेत. गेम इंजिनच्या (गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरच्या) आयत्या फिजिक्सवर मारामारी सोडू नये. हे नंतर बदलणं म्हणजे अर्धा गेम पुन्हा लिहिणं.

दुसरी अट वेगाची. सात फ्रेम मागे जायचं तर त्या सात फ्रेमचं गणित, चालू फ्रेमचं गणित आणि चित्र काढणं, सगळं त्याच १६.६७ मिलिसेकंदांत बसवायचं. हा भार ग्राफिक्स चिपवर पडत नाही, सीपीयूवर पडतो. पीएस५चा सीपीयू ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, स्विच २चा १ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. स्विच २ची चित्रं डीएलएसएसमुळे (कमी तपशिलाचं चित्र एआयने धारदार करायचं तंत्र) फारच देखणी दिसतात आणि ती बघून लोक फसतात. यंत्र कमकुवत आहे असं म्हणता येणार नाही, कारण स्ट्रीट फायटर ६ त्यावर पहिल्याच दिवशी, ५ जून २०२५ रोजी आला आणि लढती ६० फ्रेमने चालतात. पण कॅपकॉमकडे ही गणितं कसायला माणसांची फौज आहे. तुमच्याकडे एक प्रोग्रामर आहे, आणि लॉबीचं, म्हणजे ऑनलाइन खेळाडू एकत्र आणायचं, कामही त्याच्याच गळ्यात आहे.

पीसी

स्टीमवर एका गेमचे १०० डॉलर भरायचे. गेमने १,००० डॉलर कमावले की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून निदान ३० दिवस थांबावं लागतं आणि ‘लवकरच येत आहे’ असं पान किमान दोन आठवडे आधी टांगावं लागतं. स्टीमचा वाटा ३० टक्के. अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर तिथला कर कापला जातो. पॅन देऊन कराचा फॉर्म नीट भरला तर भारत-अमेरिका करारानुसार तो १५ टक्के, नाहीतर ३०. यासाठी सीएला दिलेली फी वसूल होते.

पण पीसीच्या बाजूने माझा मुख्य मुद्दा पैशांचा नाही. शनिवारी रात्री कुणीतरी तुमच्या एका पात्राचा न संपणारा कॉम्बो शोधून व्हिडिओ टाकणार, हे गृहीत धरा. पीसीवर रविवारी दुपारी पॅच, म्हणजे दुरुस्ती, देता येतो, कुणाची मंजुरी लागत नाही. शिवाय ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कुठलाही स्वस्त कंट्रोलर बहुधा चालतो. उलट बाजू म्हणजे स्टीमवर रोज नवे गेम येतात आणि तुमचं पान त्यात बुडून जातं. लोकांपर्यंत पोचायचं काम सगळं तुमचं.

पीएस५

कन्सोलवर येण्यासाठी नोंदणी, गुप्ततेचा करार, डेव्हकिट (गेम बनवून तपासायला मिळणारं खास यंत्र) आणि शेवटी सर्टिफिकेशन. सर्टिफिकेशन म्हणजे इमारतीची ओसी: मजले चढले, लिफ्ट चालते, पण कागद हातात येईपर्यंत कुणी राहायला जाऊ शकत नाही. लढत चालू असताना कंट्रोलर निसटला, खातं बाहेर पडलं, यंत्र झोपवलं तर काय होतं, असल्या गोष्टी तिथे बारकाईने बघतात. पॅचही त्याच रांगेतून जातो, त्यामुळे रविवारच्या दुपारचा हिशेब इथे चालत नाही.

फायदा असा की सोनी भारतात आहे. पीएस५ इथे २ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिकृतपणे आला, ४९,९९० रुपयांना. रुपयांत चालणारं दुकान आहे. इंडिया हीरो प्रोजेक्टमधून सोनी इथल्या निवडक स्टुडिओंना मदत करते. मुंबईच्या अंडरडॉग्जचा ‘मुक्ती’ त्यातलाच. फायटिंग गेम गंभीरपणे खेळणारेही प्लेस्टेशनवर पिढ्यान्पिढ्या बसलेत.

एक मेख मात्र आहे. विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी लागते, फुकट गेमला लागत नाही. मग सगळे म्हणतात, फुकटच सोडू. मल्टीव्हर्सस फुकट होता, मोठ्या कंपनीचा होता, घराघरांत माहीत असलेली पात्रं होती. ३० मे २०२५ रोजी तोही बंद झाला. फुकट गेमला सतत नवं काहीतरी द्यावं लागतं. चार माणसांची टीम ते महिनोन्महिने कशी देणार, याचं उत्तर तयार नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

स्विच २

निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही. इथे जो स्विच २ दिसतो तो हिरा पन्ना किंवा लॅमिंग्टन रोडवरचा आयात केलेला, आणि त्याचे मालक परदेशी विभागाचं ई-शॉप वापरतात. म्हणजे कांदिवलीतल्या त्या मुलाला शेजारी प्रतिस्पर्धी मिळायची शक्यता इथे सगळ्यांत कमी.

तरीही हा पर्याय निकालात काढू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’ १८ ऑगस्ट २०२० रोजी आधी स्विचवरच आणला, पीसी आणि इतर कन्सोलवर ऑक्टोबरमध्ये. राजी एकट्याने खेळायचा गेम आहे, त्यामुळे दाखला पुरता लागू होत नाही. पण भारतात बसून निन्टेंडोच्या दुकानात पोचता येतं एवढं त्यातून दिसतं. आणि या यंत्राची खरी खुबी अशी की जॉय-कॉन हे छोटे कंट्रोलर दोन बाजूंनी निघतात, एकेक दोघांच्या हातात दिला की जागच्या जागी लढत सुरू. तुमचा गेम दोन-तीन बटणांचा, हसत-खिदळत खेळायचा असेल तर इंटरनेटवरच्या गर्दीची अट बरीच सैल होते. सहा बटणं आणि अर्धवर्तुळाकार इनपुट असतील तर त्या इवल्या जॉय-कॉनवर अंगठ्याचे हाल होतात.

आणखी एक पळवाट: जुन्या स्विचचे बहुतेक गेम स्विच २वर चालतात. तेव्हा द्विमिती, हलका गेम असेल तर जुन्या स्विचसाठी बनवून दोन्हीकडे पोचता येईल. पण मग सीपीयूचं बजेट आणखी आवळावं लागेल.

एक्सबॉक्सबद्दल थोडक्यात: २०१३ पासूनच्या आयडी ॲट एक्सबॉक्स कार्यक्रमात मंजुरी मिळाली तर दोन डेव्हकिट मोफत, ही बचत आपल्याकडे छोटी नाही. दुसरा कन्सोल म्हणून ठीक. पहिला म्हणून नको.

मोबाइलवर का नाही, हेही कुणीतरी विचारणारच. खेळणारे तिथे अफाट आहेत. पण काचेवर अंगठा घसरवून तीन फ्रेमच्या फटीत उलटवार करता येत नाही. तो वेगळा गेम होतो, आणि तो वेगळाच बनवावा.

खर्च आणि निवड

पैशांचा अंदाज यावा म्हणून एक जुना हिशेब. स्कलगर्ल्सच्या टीमने २०१३ मध्ये फक्त एक नवं पात्र करायला लोकांकडे दीड लाख डॉलर मागितले होते. त्यात चाचणीला २० हजार आणि कन्सोल सर्टिफिकेशनला १० हजार धरले होते. मुंबईत पगार वेगळे, हाताने फ्रेम काढायच्या नसतील तर आणखी फरक. पण चाचणी आणि सर्टिफिकेशन हे खर्च परळमध्ये बसलात म्हणून आपोआप उतरत नाहीत. इंजिनचंही आधीच बघा. गोडो फुकट आहे पण कन्सोलचं एक्स्पोर्ट त्यात थेट येत नाही, दुसऱ्या कंपनीकडून घ्यावं लागतं. युनिटीला कन्सोलसाठी प्रो परवाना किंवा कन्सोल कंपनीची किल्ली लागते. अनरियल दहा लाख डॉलर कमाईपर्यंत रॉयल्टी मागत नाही.

तेव्हा स्पर्धात्मक गेम असेल तर आधी पीसी, खुली चाचणी, सहा ते आठ पात्रं, आणि ती टिकली की पीएस५ क्रॉसप्लेसह. पीसीवर जमलेले खेळाडू पीएस५वाल्यांना पहिल्या दिवसापासून मिळतील, हा या क्रमाचा सगळा अर्थ. क्रॉसप्ले जमणार नसेल तर दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जाऊच नका, असलेली गर्दी दोन ठिकाणी वाटली जाईल. सोफ्यावर बसून खेळायचा गेम असेल आणि गिऱ्हाईक परदेशातलं धरलं असेल, तर स्विच २ आधी, आणि त्यात ऑनलाइनचा गाजावाजा कमी. कन्सोल बाजारात येण्याचा मुहूर्त गाठायचाच, एवढ्यासाठी मात्र कुणी धावू नये.

डेव्हकिटचा अर्ज करण्याआधी एक काम घरीच होतं. एखादा जुना लॅपटॉप घ्या, प्रत्येक फ्रेमला मुद्दाम सात फ्रेमचं रोलबॅक लावा आणि दोन पात्रं तासभर लढत ठेवा. एका फ्रेमचं नुसतं गणित एक मिलिसेकंदाच्या वर जात असेल, तर स्विच २चा फॉर्म तूर्त भरू नका.