युद्धाच्या बातम्या ऐकताना प्रार्थनेसाठी बायबल ॲप

युद्धाच्या बातम्या बघून जीव नुसता कासावीस होतो, प्रार्थनेला बसलं तरी शब्द सुचत नाहीत, म्हणून बायबलचं ऑडिओ ॲप घेतलं आणि खरंच खूप आधार मिळाला. सर्चमध्ये 'शांती' टाकलं की वचनं येतात, पण माझं ऐका, डायरेक्ट स्तोत्र ४६ लावा. सुरुवातीलाच डोंगर समुद्रात कोसळतायत, भीती अजिबात लपवलेली नाही, आणि मग नवव्या वचनात देव धनुष्य मोडतो, भाला तोडतो, लढाया बंद करतो. मग यशया २:४, तलवारींचे नांगराचे फाळ. सगळ्यात जड जातं ते मत्तय ५:४४, वैऱ्यांसाठी प्रार्थना, तिथे मी पॉज करते आणि दोन्हीकडच्या आयांसाठी मागते, मगच पुढे जाते.

प्रार्थनांची यादी सेव्ह होते, रिमाइंडर लागतो, मस्त.

तक्रार एकच, शांतीच्या रेडिमेड प्लॅनमध्ये सगळं टेन्शन आणि झोप यावरच, बॉम्बखाली राहणाऱ्यांसाठी, निर्वासितांसाठी काहीच नाही. विलापगीत तर घेतलंच नाहीये, खरं तर यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरचा आक्रोश आहे तो आणि त्यातच ३:२२ ची आशा आहे. ते ॲड करा प्लीज. सध्या चार स्टार.