अ‍ॅनोडायझिंग स्वतःच्या कारखान्यात की बाहेर? विमानाचे भाग बनवणाऱ्या गोव्यातील उद्योजकासाठी

वेर्णा किंवा पिळर्ण येथील लहान मशिनिंग कारखान्याला विमानाच्या अ‍ॅल्युमिनियम ब्रॅकेटांचे काम मिळाले की यंत्रे, टूलिंग आणि माणसे यांचा हिशेब मालक लवकर जुळवतात. घोडे अडते ते ड्रॉइंगवरील अ‍ॅनोडायझिंगच्या एका ओळीपाशी; अ‍ॅनोडायझिंग म्हणजे आम्लाच्या टाकीत वीज सोडून अ‍ॅल्युमिनियमवर संरक्षक ऑक्साइडचा थर चढवणे. ते काम बाहेर पाठवावे की स्वतःच्या टाक्या बसवाव्यात, हा प्रश्न खर्चाचा वाटतो. माझ्या मते तो आधी वेळेचा आहे.

अ‍ॅनोडायझिंग ही ‘विशेष प्रक्रिया’ आहे. थर नीट बसला की नाही, हे तयार नग मोजून पूर्णपणे कळत नाही, म्हणून द्रावणाची तीव्रता, तापमान आणि वेळ यांच्यासह प्रक्रियेलाच मान्यता घ्यावी लागते. बाहेरच्या कारखान्याकडे नॅडकॅप (विमान-उद्योगातील विशेष प्रक्रियांची मान्यता योजना) आणि ग्राहकाची मान्यता आधीच असेल, तर पहिली बॅच काही आठवड्यांत निघते. चोर्ला घाट ओलांडून बेळगाव गाठले की पुढे हत्तरगीला विमान-उद्योगाची वसाहत आहे. तिथे नाही जमले तर बंगळूर आहे. भांडवल अडकत नाही, आणि सांडपाण्याची जबाबदारीही आपल्यावर येत नाही.

मोबदल्यात द्यावे लागतात ते दिवस. दोन दिवसांत मशिनिंग झालेला नग गाडी भरेपर्यंत थांबतो आणि तिकडे पोहोचल्यावर मोठ्या ग्राहकांच्या कामामागे रांगेत लागतो. एका जुलैत आमचे नग घाटातल्या दरडीमुळे आठवडाभर पडून राहिले; खाऱ्या, दमट हवेत उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर बोटांचे ठसे डागांसारखे उमटले आणि अर्धी बॅच पुन्हा साफ करावी लागली. तेव्हापासून आम्ही हातमोजे आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या यांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरतो.

पुरवठादारांवर अति विसंबण्याचे मोठे उदाहरण बोइंग ७८७ चे आहे. ८ जुलै २००७ रोजी समारंभाने बाहेर आणलेल्या विमानात तात्पुरते फास्टनर (भाग जोडणारे बोल्ट-रिव्हेट) होते, आणि पहिले विमान ग्राहकाला मिळाले ते मे २००८ ऐवजी सप्टेंबर २०११ मध्ये. दरम्यान २००९ मध्ये बोइंगने साउथ कॅरोलायनातील एका पुरवठादाराचा कारखानाच विकत घेतला.

म्हणून सगळे स्वतःकडे घ्यावे, असेही नाही. स्वतःच्या टाक्यांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, सांडपाणी प्रक्रिया, शुद्ध केलेले पाणी आणि प्रशिक्षित केमिस्ट लागतो. क्रोमिक आम्लाच्या टाक्यांची रांग तर आता बसवूच नये: ते आम्ल ज्यापासून बनते ते क्रोमियम ट्रायऑक्साइड युरोपात २१ सप्टेंबर २०१७ पासून परवानगीशिवाय वापरता येत नाही. बसवायचीच तर सल्फ्युरिक किंवा टार्टारिक-सल्फ्युरिक आम्लाची बसवावी. मात्र जुन्या ड्रॉइंगांवर क्रोमिक लिहिलेले असते आणि ते काम तरीही बाहेरच जाते. थर गंजाला टिकतो का हे पाहण्यासाठी चाचणी पट्ट्या मिठाच्या फवाऱ्यात ३३६ तास, म्हणजे १४ दिवस ठेवाव्या लागतात, आणि एक पट्टी नापास झाली की वेळापत्रक तिथेच थांबते.

बहुतेकांच्या नजरेतून सुटते ते पुढेच आहे. ‘आधी बाहेर, मग जम बसला की घरात’ हा मार्ग सोयीचा दिसतो, पण एएस ९१०२ या विमान-उद्योगाच्या मानकानुसार प्रक्रियेचा स्रोत बदलला की त्या बदलाशी निगडित प्रथम-नग निरीक्षण (पहिला नग ड्रॉइंगमधील अटींशी ताडून नोंदवणे) पुन्हा करावे लागते, तेही प्रत्येक भाग क्रमांकासाठी. चाळीस भाग असतील, तर चाळीस फाइली आणि ग्राहकाच्या तितक्याच मंजुऱ्या.

एकाच ग्राहकाचे काम असेल, तर बाहेरच पाठवावे. दोन-तीन ग्राहकांचे तपशील एकाच प्रक्रियेत बसत असतील आणि टाक्या आठवड्यातले बहुतेक दिवस चालणार असतील, तरच टाक्यांची रांग उभारावी. बाहेर पाठवताना आठवड्याचा ठरलेला वार करारात लिहून घ्यावा, लहान लॉट पाठवावेत आणि चतुर्थीच्या सुट्टीआधीची बॅच ऑगस्टच्या आरंभीच रवाना करावी. दुसरा मान्य स्रोत ठेवून त्याचे प्रथम-नग निरीक्षण पहिल्या वर्षातच, काम हलके असताना उरकून घ्यावे.