आर्काइव्ह मेल रिकव्हर करून देतो म्हणाला आणि माझीच फाइल मला विकली

आउटलुकमधले जुने आर्काइव्ह केलेले मेल गायब झालेत आणि तुम्ही आत्ता सपोर्टचा नंबर शोधताय, तर फोन लावायच्या आधी हे वाचा. माझे मेल कुठेही गेले नव्हते, माझ्याच कॉम्प्युटरवर माझ्याच डॉक्युमेंट्समध्ये पडून होते, आणि एका गोडबोल्या माणसाने ते मला "रिकव्हर" करून दिले आणि वर दणकून पैसे घेतले.

झालं असं की आउटलुक सारखं हँग होत होतं, म्हणून नवीन प्रोफाइल बनवलं. इनबॉक्स व्यवस्थित परत आला, सेंट आयटम्स आले, पण डाव्या बाजूला खाली आर्काइव्ह्ज म्हणून जे दिसायचं, ज्यात कित्येक वर्षांचे मेल होते, क्लायंटची ॲग्रीमेंट, सॅलरी स्लिपा, सगळं, ते दिसेचना. ब्राउझरमधून मेल उघडून बघितला तर तिथेही नाही. मग काय, धाबं दणाणलं.

आता कळतंय की यात काहीच भानगड नव्हती. क्लासिक म्हणजे जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये ऑटोआर्काइव्ह चालू असेल तर ते दर 14 दिवसांनी (सेटिंग बदललं नसेल तर) जुने मेल मेलबॉक्समधून उचलतं, इनबॉक्ससाठी ते साधारण 6 महिन्यांच्या वरचे असतात, आणि कॉम्प्युटरवरच्या आर्काइव्ह डॉट पीएसटी नावाच्या फाइलमध्ये नेऊन टाकतं. कॉपी नाही करत, हलवतं, म्हणजे सर्व्हरवर ते उरतच नाहीत आणि म्हणूनच ब्राउझरमध्ये दिसत नाहीत. आणि नवीन प्रोफाइलला फक्त तुमचं मेल अकाउंट माहीत असतं, ही जुनी फाइल त्याला कोणी जोडून दिलेली नसते. बस, एवढंच.

तर सर्चमध्ये सगळ्यात वर जो नंबर आला, बारीक अक्षरात जाहिरात असं लिहिलेलं असतं तो, तिथे फोन लावला. समोरचा एकदम शांत, मॅडम मॅडम करणारा, घाई अजिबात नाही. एक रिमोट ॲप टाकायला लावलं, कोड विचारला आणि स्क्रीन त्याच्या ताब्यात.

इथून पुढचं नीट वाचा कारण याची पद्धत फार हुशारीची आहे, तो जे दाखवतो ते सगळं खरं असतं, फक्त त्याचा अर्थ तो खोटा सांगतो. आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडला, त्यात लाल एरर आणि पिवळ्या वॉर्निंगची ही मोठी रांग, म्हणे बघा मॅडम तुमचा मेल डेटाबेस करप्ट झालाय. अहो ते लाल एरर अगदी ठणठणीत विंडोजमध्ये पण असतात, विंडोज बारीकसारीक गोष्टीही तिथे नोंदवत असतं. मग काळी खिडकी उघडून काहीतरी कमांड दिली, फाइलींची नावं सरसर वर जायला लागली आणि शेवटी ओळ आली की आर्काइव्ह डॅमेज्ड, रिकव्हरी रिक्वायर्ड. ती कमांड फक्त फोल्डरांची यादी दाखवणारी असते हो, आणि शेवटची ओळ त्याने स्वतः टाइप केलेली! स्कॅन वगैरे काही चालू नसतं. पण नावं पळत असताना आपण वाचत थोडीच बसतो.

मग रेट सांगितला. फक्त मेल काढायचे एवढे, आणि वर्षाचा प्लॅन घेतला तर सिक्युरिटी पण फ्री, असलं काहीतरी. पैसे भरले. त्यानंतर स्क्रीन काळी केली, म्हणे रिकव्हरी चालू आहे माउसला हात लावू नका, बराच वेळ तसंच. स्क्रीन परत आली तर आर्काइव्ह्ज जागेवर, सगळे मेल हजर. खरं सांगते त्या क्षणी मला तो देवमाणूस वाटला.

शंका आली ती नंतर, सहज फाइलीची प्रॉपर्टीज उघडली तेव्हा. रिकव्हर करून नवीन बनवलेली फाइल असती तर क्रिएटेडची तारीख त्या दिवशीची असायला हवी ना, इथे ती काही वर्षांपूर्वीची! म्हणजे त्याने केलं काय, तर आउटलुकमध्ये फाइल मेनूत गेला, ओपन अँड एक्स्पोर्ट, ओपन आउटलुक डेटा फाइल, आणि ती फाइल निवडली. मिनिटभराचं काम. बाकी वेळ काळ्या स्क्रीनमागे काय काय केलं ते त्यालाच माहीत, आणि खरी भीती तीच आहे.

तुमचे मेल दिसत नसतील तर आधी डॉक्युमेंट्समध्ये आउटलुक फाइल्स नावाचा फोल्डर बघा. तिथे नसेल तर विंडोजच्या सर्चमध्ये स्टार डॉट पीएसटी (*.pst) टाकून पूर्ण ड्राइव्ह शोधा. जुन्या व्हर्जनमध्ये ही फाइल ॲपडेटाच्या आत असायची आणि ॲपडेटा लपवलेला असतो, तेव्हा एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करा. कॉम्प्युटरच बदलला असेल तर फाइल जुन्या मशीनवर राहिली असणार. फाइल सापडली पण उघडत नसेल तर आउटलुकसोबतच स्कॅनपीएसटी नावाचं रिपेअर टूल फुकट येतं, आउटलुकच्याच प्रोग्राम फोल्डरमध्ये असतं, आधी फाइलीची कॉपी काढा, आउटलुक बंद करा, मग चालवा. आणि हो, वर टूलबारवर जे आर्काइव्ह बटण आहे ते वेगळं, त्याने मेल मेलबॉक्समधल्याच आर्काइव्ह फोल्डरमध्ये जातात, ते ब्राउझरमध्येही दिसतात. दोन गोष्टींना एकच नाव कोणी दिलं देव जाणे, निम्मा गोंधळ त्यानेच होतो.

माझ्यावर पुढे अजून एक डाव टाकला गेला. काही दिवसांनी फोन, आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे रिफंड करायचेत, परत तेच ॲप उघडा आणि नेटबँकिंगला लॉगिन करा. यात ते स्क्रीनवर आकडा बदलून जास्त पैसे आले असं दाखवतात आणि वरचे परत मागतात. फोन कट केला, तरी वेगवेगळ्या नंबरवरून येत राहिले.

कोणी असं ॲप टाकून बसला असेल तर आधी नेट बंद करा. पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला, त्याच कॉम्प्युटरवरून नको. मेलमध्ये रूल्स आणि फॉरवर्डिंग उघडून बघा, कारण गुपचूप एक रूल टाकला की तुमचा प्रत्येक मेल त्याच्याकडे जात राहतो आणि पासवर्ड बदलून तो रूल जात नाही. सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. कार्ड ब्लॉक करा. बँक म्हणते पेमेंट तुम्हीच ओटीपी देऊन केलंय, परत मिळणं अवघड, पण तक्रार घेतलीय, बघू. पोलिसांनी पावती, कॉलची वेळ आणि त्या रिमोट ॲपचा लॉग, म्हणजे कोण कधी जोडलं गेलं त्याच्या नोंदींची फाइल, मागितला, बऱ्याचदा त्या लॉगमध्ये समोरच्याचा आयडी असतो, म्हणून ॲप उडवायच्या आधी लॉगची कॉपी काढून ठेवा.