पॅनडॉक: आमच्या आचाऱ्यांचे आचार्य झाले त्यानंतर

पॅनडॉक म्हणजे फाइली एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणारा प्रोग्राम. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकुरात, एकदा लिहायचं आणि वर्ड, पीडीएफ, ईपब, हवं ते काढायचं. मी त्याच्याकडे वळले ती मात्र निव्वळ चिडून.

आमचा कारखाना इंदूरजवळ पीथमपूरला. नमकीनची यंत्रं बनतात, आणि महाराष्ट्रात जाणाऱ्या मालाबरोबरची मराठी माहितीपुस्तिका माझ्याकडे असते. ऐन दिवाळीच्या हंगामात जळगावच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, तुमच्या फ्रायरला आचार्य लागतात का हो?" पुस्तिका काढून पाहिली. ठळक मथळा, ‘आचार्यांसाठी सूचना’. खाली पहिलीच ओळ, ‘तेल तापल्यावर झार्याने ढवळू नये.’ पुढं ‘दुसर्या’, ‘तिसर्या’ पानोपानी.

माझ्या मूळ फाइलमध्ये सगळं जागच्या जागी होतं. खोडी होती फाइलीचं रूपांतर करून देणाऱ्या मधल्या ऑनलाइन सेवेची. तिचे दर महिन्याला डॉलरमध्ये पैसे जायचे, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी. ऱ्य लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं. दुसरीत साधा र, हलंत आणि त्यामागं झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे युनिकोडमधलं यू+२००डी, जे डोळ्यांना दिसतच नाही. ही सेवा ‘अदृश्य कचरा’ म्हणून तो जॉइनर झाडून टाकायची. जॉइनर गेला की र चढून बसतो य च्या डोक्यावर, रफार होऊन. तक्रार केली तर उत्तर काय, फॉन्ट बदलून पाहा. पुन्हा लिहिलं, पुन्हा फॉन्ट. ऑफिसातल्या सहकाऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "भिया, सही तो दिख रा है." त्याचाही दोष नाही, हिंदीत हे रूपच नाही. पैसे परत मागितले, ते आजतागायत आले नाहीत.

पॅनडॉक फुकट. बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये ते सुरू केलं. तत्त्वज्ञानाच्या माणसानं केलेलं साधन जॉइनरला हात लावत नाही, आणि बिझनेस प्लॅनवाले लावतात!

सुरुवात मात्र वैतागाची होती. पहिली पीडीएफ काढायला गेले तर चुकांचे संदेशच संदेश, कारण पीडीएफ बनवणारं जे इंजिन पॅनडॉक आपणहून निवडतं ते देवनागरीला सरावलेलं नाही. झीलाटेक (XeLaTeX) हे दुसरं इंजिन निवडलं, तर पानं कोरी! इंग्रजी आकडे तेवढे उरलेले. मुख्य फॉन्ट नावानिशी सांगितला तेव्हा कुठं मराठी उमटली. वर्डमध्ये आणखी एक मेख. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतं आणि तिचा फॉन्ट, आकार वेगळे ठेवतं. पॅनडॉक जिच्यातून शैली उचलतं त्या रेफरन्स फाइलमध्ये इंग्रजीचा फॉन्ट कितीही बदला, मराठी ढिम्म. शैलीच्या फॉन्टच्या चौकटीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा रकाना वेगळा भरायचा. एकदा केलं की कायमचं. यादीआधी रिकामी ओळ सोडली नाही तर मुद्दे परिच्छेदात घुसतात, तेही लक्षात ठेवा.

मला खरा आनंद दिला तो लुआ फिल्टरनं, म्हणजे रूपांतर होताना मजकुरात हवा तो बदल करणाऱ्या, लुआ या प्रोग्रामिंग भाषेतल्या छोट्या प्रोग्रामनं. पॅनडॉक २.० पासून, म्हणजे २०१७ पासून ही सोय आहे, आणि लुआ आतच असल्यामुळं वेगळं काही बसवावं लागत नाही. चार ओळींचा फिल्टर लिहिला: जिथं र, हलंत आणि जॉइनर दिसेल तिथं ऱ आणि हलंत घाल. आता पुढं प्रेसवाला असो की वेबसाइटवाला, झाडायला काही अदृश्य उरलेलंच नाही. शिवाय शोधताना ‘दुसऱ्या’ एकाच रूपात सापडतं. पूर्वी निम्मे सापडायचे नाहीत.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी पाच द्यायचे ठरवलं होतं. मग बिघाडांचा तक्ता आला. मार्कडाउनमधल्या उभ्या रेघांच्या तक्त्यात एखादी ओळ लांबली की रकान्यांची रुंदी मथळ्याखाली किती डॅश टाकले त्यावर ठरते. माझे तिन्ही सारखे, त्यामुळं ‘उपाय’ चिंचोळ्या बोळात उभा आणि ‘क्रमांक’ ऐसपैस. कारण मॅन्युअलात आहे, स्पष्ट आहे, पण ते वाचतो कोण? डॅश वाढवले, सुटलं. अर्धा गुण कापते, पैसे न घेता त्रास दिला म्हणून अर्धाच.

कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या जुन्या फाइली असतील तर पॅनडॉककडून काही होणार नाही, आधी युनिकोडमध्ये आणा. त्यासाठीचे बरेचसे कन्व्हर्टर हिंदीसाठी केलेले असतात, म्हणून बाहेर आलेल्या मजकुरात आधी दुसऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड आणि झाऱ्या शोधून बघा, मगच प्रेसला पाठवा.