शुगर ग्लायडरचा ‘संपूर्ण संच’: पिंजरा चांगला, पुस्तिका धोकादायक

शुगर ग्लायडर हा झाडांवर राहणारा छोटा प्राणी पाळणाऱ्यांसाठी पिंजरा, पळण्याचे चाक, झोपण्याची पिशवी, गोळ्यांचे खाद्य आणि माहितीपुस्तिका असा एकत्र संच अमेरिकेतील ऑनलाइन दुकानांत मिळतो. टेक्सासमधील आमच्या घरी असलेल्या जोडीसाठी असा एक संच मागवला होता. त्यातील पिंजरा घेण्याजोगा आहे, संच मात्र नाही.

पिंजरा तीन फूट उंच आणि दोन फूट लांब-रुंद आहे. पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत ताणल्या जाणाऱ्या त्वचेच्या पडद्यावर तरंगत झाडावरून झाडावर जाणाऱ्या या शिशुधान (पिल्लाला पोटावरच्या पिशवीत वाढवणाऱ्या) प्राण्याला पसरट जागेपेक्षा उंची अधिक लागते, आणि ती येथे बेताची असली तरी चालण्यासारखी आहे. गजांमधील अंतर अर्ध्या इंचाहून कमी आहे, जे जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाच्या प्राण्यासाठी आवश्यकच असते. वर सरकणारी छोटी दारे मात्र ही मंडळी बिनदिक्कत उचलतात, त्यामुळे तेथे क्लिपा लावाव्या लागल्या. फ्लीसच्या (मऊ, लोकरीसारख्या कापडाच्या) पिशवीची शिवण झाकलेली असल्याने तीत नखे अडकत नाहीत. चाकाच्या मधोमध आडवा दांडा आहे. शरीराहून लांब शेपटीच्या प्राण्यासाठी असे चाक विकणे मला बेजबाबदारपणाचे वाटते, कारण त्यात शेपटी किंवा पाय अडकून गंभीर इजा होऊ शकते.

खरा आक्षेप आहे तो खाद्यावर. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या रानात हे प्राणी निलगिरीचा रस, बाभूळवर्गीय झाडांचा डिंक, मकरंद, पराग आणि कीटक यांवर जगतात, आणि पुस्तिका मात्र गोळ्या व सफरचंदाची एक फोड एवढ्यावर भागते असे सांगते. आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त, शक्यतो दुपटीच्या आसपास असावे लागते. ते दीर्घकाळ कमी पडल्यास शरीर हाडांतून कॅल्शियम ओढते आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. सफरचंदात कॅल्शियम नगण्य असते, तर मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) व रातकिड्यांत फॉस्फरसच अधिक असतो, म्हणून कीटक देतानाही कॅल्शियमची पूड लागते. आम्ही पशुवैद्यांच्या सल्ल्याने मध, अंडी आणि पराग यांचे मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवतो व रोज संध्याकाळी, ते जागे होण्याच्या सुमारास, फळे-भाज्यांसह देतो. आपल्या ताटातले काही भरवण्याचा मोह आवरावा. कांदा, लसूण आणि चॉकलेट तर वर्ज्यच.

एकटा ग्लायडर मालकाला अधिक लळा लावतो, असेही पुस्तिकेत छापले आहे. वस्तुतः हा कळपात राहणारा प्राणी आहे आणि एकटेपणाच्या ताणाने तो स्वतःचे केस उपटतो, प्रसंगी स्वतःला चावून जखमीही करतो. कॅलिफोर्निया आणि हवाई येथे तो पाळण्यास बंदी आहे, याचा तर पुस्तिकेत उल्लेखच नाही. त्याच दुकानात हाच पिंजरा सुटाही मिळतो. तो घ्यावा आणि बिनदांड्याचे चाक वेगळे मागवावे.